बोगादीचं पिवळं पाणी

कानडी मुलखातल्या बोगादी गावात गुरुरावांच्या दारात सकाळपासून ही रांग! हुणसूरहून आलेले स्वामी ओसरीवर बसून कावीळ उतरवत होते. आधी रोग्याच्या हातांना झाडपाल्याचं तीर्थ चोळायचे, मग तांब्यातलं नितळ पाणी ओतायचे, आणि परातीत पडणारं पाणी पिवळंधमक! "बंतु, बंतु! आलं बघा विष!" स्वामी ओरडत आणि माणसं हात जोडत.

गुरुरावांच्या पवनकुमारचं विष असं दोनदा उतरलं होतं. तरी पोराचे डोळे पिवळेच, आणि अन्न पाहिलं की उलटी. त्याची बहीण स्पंदना नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती.

"अप्पा, याचं रक्त तपासू या. दवाखान्यात नेऊ या."

"सुम्ने गप बस," गुरुराव म्हणाले. "मधेच सुई टोचली तर स्वामींचा गुण जाईल की नाही, अल्वा?"

स्पंदनाचा जीव भावासाठी तुटत होता. विज्ञानाच्या तासाला विभावरी मॅडमनी नुकतंच शिकवलं होतं, की एखादी खूण खरी की खोटी हे पारखायचं तर तोच प्रयोग निरोगी माणसावरही करून बघावा. तिनं आजीला पुढे बसवलं. अंबाबाई म्हणजे नुकतेच डोसे रिचवून आलेलं धडधाकट माणूस. तरी पाणी पिवळं!

"आता बोला!" स्पंदना म्हणाली.

स्वामी बोललेच. "छुपी कावीळ! आठवड्यात म्हातारी गेलीच असती!"

"अय्यो देवरे!" म्हणत अंबाबाईंनी तिथंच अंथरूण धरलं. नुसते बघायला आलेलेही धास्तावून रांगेत घुसले. प्रयोग पोरीच्याच अंगाशी आला.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीला, मेघाश्रीला, घेऊन आली. मेघाश्री शालीत गुरफटलेली. "फार अशक्त झालीय बिचारी," स्पंदना म्हणाली. शालीतून एक हात बाहेर आला. डोळे मिटून मंत्र पुटपुटत स्वामींनी तीर्थ चोळलं, पाणी ओतलं.

"अरेरे! थेट लिव्हरातून येतंय! तीन वर्षांची जुनी कावीळ!"

"कशी असेल, स्वामी? हा हात कॉलेजनं गेल्या वर्षीच विकत घेतलाय." असं म्हणून स्पंदनानं तो ओढला आणि स्वामींच्या मांडीवर ठेवला. इंजेक्शन टोचायला शिकायचा रबरी हात होता तो, मॅडमकडून मागून आणलेला. एक बाई किंचाळली, मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी रांग हसत सुटली.

"रबरालाही दृष्ट लागते!" स्वामींनी ठोकून दिलं.

स्पंदनानं तेच तीर्थ एका स्वच्छ ताटलीला फासलं आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं. "घ्या, ताटलीलाही कावीळ! तीर्थ म्हणजे आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आणि तांब्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की रंग पिवळा. काल मॅडमनी प्रयोगशाळेत करून दाखवलं."

गुरुराव आत गेले आणि त्यांनी पवनला आधार देत बाहेर आणलं. "रिक्षा बोलव," ते लेकीला म्हणाले.

पवन वाचला. डॉक्टर मात्र गुरुरावांना चांगलेच रागावले, आणि ते योग्यच झालं. कावीळ परातीत दिसत नसते, ती रक्त तपासून कळते. ज्याला रबरी हातही आजारी वाटतो, त्याच्या हवाली आपलं जिवंत माणूस करावं का, एवढं ज्यानं त्यानं आपल्या डोक्याला विचारावं.