कणकेच्या गोळ्या आणि हौदातली म्हातारी

मित्रांनो, चुडामण नानासारखा हट्टी माणूस उभ्या धरणगावात सापडायचा नाही. पुण्य करायचे तर आपल्या हातांनी करावे. याने ते आजारी बायकोला मळायला लावले आणि आमच्या पोटात कोंबले!

मी एक म्हातारी मासोळी आहे. लांबीला बोटाएवढी, पण डोक्यावर चांदीचा ठिपका आहे, आणि तो मी मिरवते. नानाच्या बागेतल्या दगडी हौदात जेवढी प्रजा आहे, ती सगळी माझीच. लेकी, नाती, पणत्या. नाना साठीला आला, पण पणत्या मी पाहिल्या, त्याने नाही. म्हणून मी त्याला अरेतुरेच करते.

माझा जन्म भडगावजवळ, गिरणेच्या काठच्या डबक्यात झाला. नानाने कमळांसाठी हौद बांधला, पण कमळांआधी त्यात डासच उगवले. तेव्हा त्याची बायको धुरपदाबाई माहेराहून, म्हणजे भडगावाहून, येताना आम्हा चार बहिणींना मातीच्या घागरीत घेऊन आली. साऱ्या वाटेत छकड्यात तिने घागर मांडीवरून खाली ठेवली नाही. असे आणलेले माणूस फुकट कसे बसेल? डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला टेकून श्वास घेतात. मी खालून जायची आणि मटकवायची. संध्याकाळी पाहुणे हौदाच्या काठावर बसत आणि म्हणत, "नाना, तुमच्या बागेत डास कसा तो नाही!" नाना मिशीवरून हात फिरवायचा. जसे काही अळ्या त्यानेच खाल्ल्या!

मग एका भाद्रपदात धुरपदाबाई यावलला बहिणीकडे गेली आणि हिवताप घेऊन परतली. कोयनेलच्या कडू पुड्या सुरू झाल्या. नानाला कोणीतरी सांगितले, माशांना कणकेच्या गोळ्या घाल, उतार पडेल. झाले! अंगातली थंडी जरा ओसरली की ती बिचारी उठून कणीक मळायची आणि नाना मूठमूठ गोळ्या हौदात टाकायचा.

माझी पोरे त्या गोळ्यांना चटावली. पोटे टम्म. समोर अळी वळवळली तरी कोणी ढुंकून बघेना. अळ्यांचे डास झाले, डास खिडकीतून घरात शिरले, आणि धुरपदाबाईच्या जोडीला सूनही तापाने फणफणली. दोघी आजारी, म्हणून नानाने गोळ्या दुप्पट केल्या. गोळ्या दुप्पट, म्हणून डासही दुप्पट. हे त्याच्या ध्यानात येईल तर तो नाना कसला!

एके दिवशी गावात डासांवर तेल टाकत फिरणारा नासीर आला. त्याने पांढऱ्या पळीत पाणी घेतले. पळी वळवळत होती.

"नाना, हा हौद आहे की डासांचं माहेर?"

"अरे, मासे आहेत त्यात!"

"मासे जेवून झोपलेले दिसतात. पुढच्या बाजाराला येतो. एक अळी दिसली तरी तेल ओतणार."

"मग मासे?"

"पाण्यावर तेल पसरल्यावर मासे कसे जगतील, नाना?"

नासीर गेला तशी मी कामाला लागले. मी सगळ्या पोरांना कमळाच्या पानाखाली बोलावून बजावले, "आजपासून गोळीला तोंड लावायचं नाही."

"आजी, गोळी मऊ लागते. अळी घशात वळवळते."

एकेकीला शेपटीचा फटका दिला. सकाळी गोळी पडली तशा सगळ्या पुन्हा वर धावल्या.

वाचवले ते धुरपदाबाईने. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि गहू रेशनवर होता. दुसऱ्या सकाळी नाना परात घेऊन तिच्या खाटेपाशी गेला आणि ती कडाडली. हौदापर्यंत ऐकू आले.

"घरमा ज्वारीनी भाकर, आन् मासास्ले गहूनी कणीक! ह्या मासा अळ्या खावाले शेतस. माले ताप भरेल शे, आते मी नही मळसू!"

माशांनी अळ्याच खाव्यात, आता मी मळणार नाही, असे तिने बजावल्यावर नाना स्वतः मळायला बसला. कणकेची खळ झाली आणि दहाही बोटांना चिकटली. विहिरीवर हात धुतले आणि गोळ्यांचा नाद सोडला.

पोरांनी दिवसभर वर बघून वाट पाहिली. संध्याकाळी पोटात कावळे ओरडू लागले, तेव्हा मी पुढे झाले आणि पहिली अळी खाऊन दाखवली. मग काय! काठ, कोपरे, पानांच्या सावल्या, पोरांनी सगळे धुऊन काढले.

बाजाराच्या दिवशी नासीरने पळी बुडवली. नितळ पाणी. पुन्हा बुडवली. नितळ!

नानाने मांडीवर थाप मारली. "पाहिलंस? माझ्या गोळ्यांचं पुण्य!"

"असेल, नाना. पण दर बाजाराला मी तेलाचा डबा घेऊनच येणार."

मित्रांनो, आम्ही पाळीव झालो तरी भिकारी झालो नाही. ज्याला जे काम येते ते त्याला करू द्यावे, हीसुद्धा मायाच आहे.

एवढे साधे, पण आज सकाळी पाहते तो नाना काठावर हजर, मुठीत भाकरीचा चुरा. मी तोंड उघडले की याला वाटते भूक लागली. म्हणून या वेळी पाण्याबाहेर पार डोळ्यांपर्यंत आले आणि ठणकावून सांगितले:

"मूठ मीट, चुडामण! तो चुरा चिमण्यांना टाक, बायकोला पेज करून दे, आणि मला उपाशी ठेव. उपाशी आहे तोवरच मी तुझ्या घराच्या कामाची आहे."