पस्तीस बाय पंचेचाळीस

आमच्या ह्यांनी काढलेला एकही फोटो आजवर कुठल्या व्हिसा ऑफिसातून परत आला नव्हता, आणि ही गोष्ट ऐकवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी उतरू देत नसत. दुकान म्हणजे आमचा फोटो स्टुडिओ. सगळी गल्ली ह्यांना फोटोमास्तर म्हणते. भिंतीवर त्यांच्या हातचा एक तक्ता आहे: कुठल्या देशाला किती मिलिमीटरचा फोटो, मागचा पडदा पांढरा की राखाडी, कान दिसायला हवेत की नकोत, हनुवटीपासून टाळूपर्यंत किती अंतर. परदेशी नोकरीला निघालेले गवंडी, नर्स, स्वयंपाकी, सगळे आधी ह्यांच्यासमोर स्टुलावर बसतात. आणि हे प्रत्येकाला दम भरतात, "व्हिसाचा फोटो आहे हा. तीळसुद्धा हलवणार नाही. आहात तसेच दिसाल."

बाकीच्या फोटोंत मात्र तीळच काय, माणसाची अख्खी हनुवटी हलवतात. पूर्वी निगेटिव्हवर भिंग धरून पेन्सिलीने हलवायचे, आता माऊसने. मुरमं, काळी वर्तुळं, पडलेला दात. मी तीस वर्षं काउंटरवर बसून पाकिटांवर नावं लिहितेय, त्यामुळे गल्लीतल्या कुणाची कुठली सुरकुती कधी नाहीशी झाली ते मला तोंडपाठ आहे. तक्रार घेऊन मात्र अजून कुणी आलेलं नाही.

आता माझं सांगते. माझ्या डाव्या कानाखाली गाठ आहे. बारा वर्षांपूर्वी एकदा काढली होती, ती पुन्हा उगवली आणि गेल्या तीन वर्षांत लिंबाएवढी झाली. जिवावरची नाही. पण चेहरा हलवणारी नस नेमकी तिच्यातून जाते. इथले डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण नस वाचेलच असं सांगता येत नाही. नस गेली की अर्धा चेहरा लुळा. आणि नाही काढली तरी गाठ नशीला चेपत राहणार. ती चेपायला लागलीच होती. चूळ भरताना ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं, आणि झोपेत माझा डावा डोळा अर्धा उघडा राहतो असं लेक सांगायची.

ह्या लेकीला आम्ही घरात वकील म्हणतो. शिकवते शाळेत भूगोल, पण वाद घालायला बसली की समोरचा आपणहून गुन्हा कबूल करतो. तिनेच शोधून काढलं की अशा परत उगवलेल्या गाठी नस सांभाळून काढणाऱ्या एक सर्जनबाई परदेशात आहेत. त्यांच्यामागे लागून लागून तिने तारीख मिळवली. चोवीस तारीख. ती चुकली तर पुढची सात महिन्यांनी, आणि सात महिने ही नस कशी काढेल ते कुणी सांगायला तयार नव्हतं. तेव्हा चोवीसच्या आत व्हिसा हातात पडायला हवा होता. माझा रुग्ण म्हणून, ह्यांचा सोबतीला म्हणून.

"फोटो मी काढणार," हे म्हणाले. जसं काही माझे फोटो काढायला दाराशी रांग लागली होती.

मी स्टुलावर बसले. हे कॅमेऱ्यामागे गेले आणि सवयीने म्हणाले, "जरा डावीकडे वळ." मग स्वतःच थांबले. व्हिसाचा फोटो समोरून लागतो.

तीन वर्षं हेच चाललं होतं. घरातला कुठलाही फोटो असो, "डावीकडे बघ गं." चारचौघांत जायचं झालं की हे माझ्या डाव्या हाताला चालायचे, बसायचं झालं की मला डावी बाजू भिंतीकडे करून बसवायचे. माझ्या ध्यानात येत नव्हतं असं नाही. पण मी, जी दूधवाल्याशी पाव लिटरसाठी तासभर भांडते, ती ह्या बाबतीत ब्र काढू शकले नाही. ह्यांना माझी लाज वाटते, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मग मीही केस डावीकडे सोडून बांधायला लागले, आणि आरशात बघायचं ते भांग पाडण्यापुरतं.

फोटो काढून झाला. तो मी पाहिला नाही, हल्ली माझे फोटो मी पाहतच नाही. हे आत कॉम्प्युटरपाशी बराच वेळ बसले, मग पस्तीस बाय पंचेचाळीसचे फोटो कापून अर्जावर स्वतःच चिकटवले. गोंदाचं काम ते कुणाला देत नाहीत. वकीलबाईंनी अर्जातलं अक्षर न् अक्षर तपासलं, पण फोटोकडे लक्ष दिलं नाही. आईच तर होती, तिला काय तपासायचं?

व्हिसा ऑफिस दुसऱ्या शहरात. पहाटेच्या बसने आम्ही दोघंच गेलो. जमिनीला ठोकलेल्या खुर्च्यांवर लोक नंबराचे चिठोरे हातात धरून बसले होते, आणि दर माणूस आपली फाइल पुन्हा पुन्हा उघडून बघत होता. आमचा नंबर चार नंबरच्या खिडकीवर आला. काचेपलीकडे चष्मा लावलेली एक मुलगी. तिचं बोलणं छोट्या स्पीकरमधून बाहेर यायचं, त्यामुळे ती आपल्याशी बोलली तरी सगळ्या खोलीशी बोलायची.

तिने सर्जनबाईंचं पत्र वाचलं. माझ्याकडे पाहिलं. अर्जाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे.

"काकू, हा फोटो कधीचा?"

"मागच्या मंगळवारचा."

"आणि गाठ?"

"तीन वर्षं झाली."

तिने अर्ज उलटा करून काचेला लावला. मी वाकून पाहिलं. पिकलेले केस तेच, कपाळावरच्या आठ्या त्याच, साडीसुद्धा तीच. फक्त कानापासून हनुवटीपर्यंत सरळ रेघ, माझ्या तिशीत होती तशी. गाठ गेलेली. काम इतकं सफाईदार होतं की माझ्यातल्या काउंटरवालीला आधी कौतुकच वाटलं. मग काय झालंय ते डोक्यात शिरलं.

"फोटो कुणी काढलाय?" मुलीने विचारलं.

"मी," हे म्हणाले. "पण व्हिसाच्या फोटोत मी तीळसुद्धा..." आणि तिथेच अडकले. चष्मा काढून, नाक काचेला टेकेल इतके पुढे झाले. बघत राहिले. "हे मी काय केलं?" असं म्हणाले ते मला नाही आणि तिलाही नाही.

"फोटोत फेरफार म्हणजे अर्ज नामंजूर होतो, काका," मुलगी म्हणाली. तिच्या स्पीकरने ते सगळ्यांना ऐकवलं. "आणि तुम्ही गाठीच्या ऑपरेशनला निघालात, अन् गाठच गायब. मी वरच्या साहेबांना काय सांगू? बाई बऱ्या होऊनच आल्यात?"

"सांगा, नवरा फोटोग्राफर आहे," मी म्हणाले. राग आला की माझी जीभ अशीच सुटते.

ती हसली, पण लगेच तोंड सावरलं. घड्याळाकडे पाहून तिने स्पीकरचं बटण बंद केलं आणि काचेखालच्या फटीतून हळूच बोलली, "फाइल मी अजून नोंदवलेली नाही. खिडकी एकला बंद होते. समोर झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे फोटो काढून मिळतात. एकच्या आत नवा आणलात तर हा जुना मी पाहिलाच नाही."

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

रस्ता ओलांडेपर्यंत मी दम धरला. दुकानाच्या पायरीवर माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"एवढी लाज वाटते माझी? तीन वर्षं डावीकडे बघ, डावीकडे बघ. मी कधी बोलले का? पण सरकारी कागदावरसुद्धा तुम्हाला मी अशी नको? चोवीस तारीख गेली ना, तर मग बघा माझ्याकडे!"

हे हातातली फाइल छातीशी धरून उभे राहिले, शाळेत मार खाल्लेल्या मुलासारखे. त्यांचा तो चेहरा बघून मला आणखीच राग आला, कारण भांडायला समोर कुणी हवं ना!

दुकानातल्या बाईंनी मला पांढऱ्या पडद्यासमोर बसवून पटकन फोटो काढला. स्क्रीनवर आला तर मी गुळगुळीत. सुरकुत्या गेलेल्या, आणि गाठ पुसट होऊन गालात विरघळलेली.

"हे असं का?" ह्यांनी विचारलं.

"आपोआप होतं हो. सगळ्यांना तसंच आवडतं."

"बंद करा ते."

"कसं करतात मला नाही माहीत. भाच्याने बसवून दिलंय."

"ताई, कॅमेरा द्याल का जरा? मी ह्याच धंद्यातला आहे."

बाईंनी कॅमेरा दिला. ह्यांनी दोन-तीन बटणं दाबून तो भाच्याच्या तावडीतून सोडवला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. कॅमेरा डोळ्याला लावला. खाली घेतला. पुन्हा लावला.

"बारा वीस झाले," मी म्हणाले.

मग ते जवळ आले. फोटोआधी गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी सरळ करायची त्यांची पद्धत आहे. हजारो लोकांच्या हनुवट्या त्यांनी अशा सरळ केल्या असतील. माझ्या हनुवटीखाली त्यांनी बोटं धरली, ती डावीकडे सरकली आणि गाठीवर येऊन थांबली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात तिथे लागला.

"दुखतं का गं?"

"आज विचारताय?"

"हो."

"दाबलं तरच," मी म्हणाले.

"लाज नाही गं," ते खाली बघत म्हणाले. "लाज कसली तुझी! मला भीती वाटते. मी बघितलं नाही तर ती वाढणार नाही, असं काहीतरी डोक्यात घेऊन बसलो. मंगळवारी स्क्रीनवर तुझा चेहरा आला, एवढा मोठा. मी नुसता बसून होतो. मग हात फिरला. गाठ गेली, आणि मला वाटलं, झालं, बरी झाली. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नीट. तुला आठवत असेल."

मला आठवत होतं. दोनदा भात मागून घेतला होता. मी तेव्हा म्हटलंही होतं, आज काय एवढी भूक?

झेरॉक्सवाल्या बाई कागदांची चवड उगाचच सारखी करत बसल्या. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. ह्या माणसावर माझा किती जीव आहे ते मला त्या स्टुलावर बसल्या बसल्या कळलं, आणि आता रडले तर डोळे लाल येतील नि तो फोटोही बाद होईल, हेही कळलं.

"अहो, बघा माझ्याकडे," मी म्हणाले. केस मागे घेऊन घट्ट बांधले. "नीट बघा आणि काढा."

त्यांनी पाहिलं. कॅमेऱ्यातून नाही, आधी तसंच. मग काढला. एकच. फोटो स्क्रीनवर आल्यावर त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि बाईंना म्हणाले, "प्रिंट तुम्हीच काढा. मी माऊसला हात लावणार नाही."

एकला दहा कमी असताना आम्ही पुन्हा खिडकीवर उभे होतो. मुलीने नवा फोटो पत्राशेजारी धरला, माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का उचलला. बोटांचे ठसे देताना माझं बोट यंत्रावर नीट टेकेना, तर ह्यांनी माझं मनगट धरलं. नियमात बसत नसावं, पण तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

सतरा तारखेला टपालाने दोन्ही पासपोर्ट आले. व्हिसाच्या कागदावर माझा फोटो छापलेला, करड्या रंगाचा, गाठीसकट. वकीलबाईंना लगेच नवी शंका. येताना गाठ नसणार, चेहरा जुळला नाही आणि विमानतळावर अडवलं तर? डॉक्टरांची चिठ्ठी वरच्याच कप्प्यात ठेवायची असं तिने तीनदा बजावलं आणि शाळेत गेली.

आम्ही दोघं बॅग भरत बसलो. इतके दिवस जे कुणीच बोललं नव्हतं ते मी बोलून टाकलं.

"नस वाचली नाही तर? हा गाल लोंबेल. तोंड वाकडं होईल. मग माझा फोटो कसा घ्याल?"

हे हातातला टॉवेल घडी घालायचे थांबले. गिऱ्हाइकाने अवघड काम सांगितलं की त्यांचा चेहरा होतो तसा झाला. विचार केला.

"समोरून," म्हणाले.

"आणि काही पुसणार नाही?"

"डोळ्यांखालचं काळं तेवढं पुसेन. ते मी सगळ्यांचंच पुसतो."

मी हसले. डाव्या बाजूला माझं हसू हल्ली जरा उशिरा पोचतं. ते पोचेपर्यंत हे बघत राहिले.