डबा हलवायचा

निळं बटण, चार भोकांचं, आणि एका भोकापासून काठापर्यंत गेलेली बारीक चीर... डोळ्याला दिसलीच नसती, नखाला लागली. ते डब्यात परत टाकायचं सोडून तिने खिशात घातलं. कारखान्यातल्या या तपासणीची पद्धतच तशी – एक काढायचं, बघायचं, परत टाकायचं, डबा हलवायचा, पुन्हा काढायचं. चांगलं असो, फुटकं असो, परत; फुटकी वेचायची नाहीत, डब्यात किती आहेत याचा अंदाज घ्यायचा. इतकी वर्षं हात आपोआप करायचा. आजच काय झालं त्याला?

आज संध्याकाळी नवऱ्याला सांगायचं होतं, दुसरं मूल हवं की नको. तो म्हणतो, "तू म्हणशील तसं." वा! म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. पहिली लेक, बोलायला लागली होती नुकती, 'चिऊ' म्हणायची पंख्यालासुद्धा... दोघांच्या रक्तातून आलेलं दुखणं घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार गोल काढून एक काळा केला होता. दर खेपेला चारांत एक. सासूबाई म्हणाल्या, "वाट्याचं भोगून झालं गं, आता काळं उरलंच नाही." किती गोड वाटलं होतं! पण बटणं तपासणारीला कोण फसवणार? काळा परत आत जातो. आणि मग भांडी घासताना तोच हिशोब – एक मूल धडधाकट निघायची शक्यता चारांत तीन, मग दोन्ही तशी निघायची सोळांत नऊ, जेमतेम निम्म्याच्या वर...

"काय गं, खिशात काय घातलंस?" शेजारच्या टेबलावरच्या मावशी, इथल्या सगळ्यांत जुन्या.

"फुटकं आहे, मावशी."

"मग? ते काढून घेतलंस तर डबा उगाच शहाणा दिसेल. टाक परत."

परत टाकायचं म्हणजे माझी पोर झालीच नव्हती असं म्हणायचं, असं का वाटत होतं मला? परत जातो तो काळा गोल. माझी चिऊ नाही जात, ती कशाला जाईल डब्यात! आणि सोळांत नऊ? वेडाबाई, पहिली खेप होऊन गेली, ती कशाला धरतेस? काळा आत आहे, तसे पांढरेही आहेत की – तिन्हीच्या तिन्ही.

तिने बटण टाकलं. डबा हलवला, जरा जास्तच जोरात, मावशी हसल्या. हात आत घातला... बोटांना किती तरी कडा लागत होत्या, गुळगुळीत, गार. भीती होतीच. पण हात मागे येत नव्हता.