पडून असलेली मोटार

आमची बोट दोन वर्षं पाण्यात गेली नव्हती, असं मला सांगण्यात आलं होतं. सांगणारे घरचेच असल्यामुळे मी पुरावा मागितला नाही. वजनमापं निरीक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली, एकाही दुकानदाराच्या किलोवर विश्वास ठेवला नाही. पण घरच्यांच्या शब्दाला तागडी लावू नये, असा आपला एक समज होता.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या हृदयात एक बारीक जाळी बसवली आणि दगदग बंद, उन्हात हिंडणं बंद, पाण्यावर जाणं तर बंदच, असं फर्मान काढलं. तेव्हा चिरंजीव म्हणाला, "बाबा नाहीत तर बोट नाही. आम्हाला तरी कसली मजा येणार?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सूनबाईने लगेच रुमाल दिला. एवढ्या तत्परतेने दिला, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बोट चिरंजीवाच्या घरामागच्या शेडमध्ये असते. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. मोटार तिच्या मागच्या फळीला अडकवायची, पंधरा घोड्यांची. घोडे म्हातारे झालेत, पण माझ्याएवढे नाहीत. वर्षातून एकदा ती माझ्या गॅरेजमध्ये येते आणि मी तिची सर्व्हिसिंग करतो. यात कंपनीच्या माणसाला मी कधी हात लावू दिलेला नाही.

"कशाला त्रास घेता, बाबा?" यंदा चिरंजीव फोनवर म्हणाला. "नुसती पडून तर आहे."

"पडून असलेलं यंत्र आधी बिघडतं," मी म्हटलं. "माणसाचंही तेच."

"बरं. गुरुवारी आणून देतो."

गुरुवारी म्हणाला आणि बुधवारीच घेऊन आला. ज्याला मोटारीची गरज नाही तो एक दिवस आधी येत नाही, हेही मला नंतर सुचलं.

मोटार लाकडी घोड्यावर चढवली, टोपण काढलं, प्लग काढले. गेल्या वर्षी मी नवे कोरे प्लग घातले होते. आता ते खरपूस भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे होते. मी स्वतःची समजूत घातली: हवा दमट आहे. निरीक्षक स्वतःच्या घरात शिरला की असा आंधळा होतो.

मग गिअरचं तेल. खाली पंख्याजवळ गिअरची पेटी असते, तिला दोन स्क्रू. खालचा काढायचा, मग वरचा. वरून हवा शिरते आणि खालून तेल उतरतं. चांगलं तेल काळपट उतरतं. हे उतरलं ते दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं. म्हणजे पेटीत पाणी शिरलं होतं. शेडमध्ये पडून असलेल्या मोटारीच्या पोटात पाणी जायला शेडमध्ये पूर यायला हवा, आणि पूर आला असता तर तो वर्तमानपत्रात आला असता.

मी पंखा काढला. आतल्या दांड्याला हिरवागार नायलॉनचा दोरा गुंडाळला गेला होता, मासे पकडायच्या गळाचा. इतका घट्ट, की घर्षणाने वितळून त्याचं कडं झालं होतं आणि त्या कड्याने पाणी अडवणारं सील कापलं होतं. हाच दांडा गेल्या वर्षी मी माझ्या हाताने पुसून, ग्रीस लावून बंद केला होता.

एवढ्यात ही कॉफी घेऊन आली. बाकावरचं हिरवं कडं बघून दारातच थांबली.

"हे काय, अहो?"

"दोरा."

"कसला?"

"तेच तुला विचारावं म्हणतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तू बहिणीकडे जातेस."

"जाते की. माझी बहीण आहे ती."

"तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेला तोंड करून. मागच्या खेपेला तुझं नाक सोलून निघालं होतं. तिच्याकडे एवढं ऊन येतं कुठून?"

ही गप्प राहिली. हिने गप्प राहणं म्हणजे कबुलीजबाबावर सही, शिक्का आणि दोन साक्षीदार.

"कोण कोण असतं?"

"मुलगा, सून. मी." मग कॉफीच्या कपाकडे बघत म्हणाली, "आणि व्याही."

व्याही म्हणजे सूनबाईचे वडील. सदा हसतमुख माणूस. टेबलफॅन आणि बोटीचा पंखा यांत त्यांच्या लेखी फरक असलाच तर रंगाचा.

"कुठे बसतात?"

"कोण?"

"व्याही. बोटीत कुठे बसतात?"

"मागे," ही म्हणाली. "मोटारीपाशी."

ती माझी जागा. बोट घेतल्यापासून एकवीस वर्षं माझी. मोटारीचं हँडल डाव्या हातात, समोर पाणी आणि पाण्याआधी घरची सगळी माणसं माझ्याकडे तोंड करून बसलेली. त्या जागेवरून माणूस राजा दिसतो असं नाही, पण निदान जिवंत दिसतो. मला ती परत हवी होती. मासे नकोत, सहल नको, माफी तर नकोच. जागा हवी होती.

सील तसंच ठेवून पेटी बंद करता आली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ; चावायचं कोणाला? शिवाय राग माणसांवर होता, मोटारीने माझं काय घोडं मारलं होतं? दोन दिवस खपून नवीन सील बसवलं. नवीन तेल खालच्या भोकातून भरलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र बदललं. स्क्रूंना नवे वॉशर घातले. एवढ्या मन लावून मी चाकरीत असतानाही काम केलं नव्हतं.

शनिवारी चिरंजीव आणि सूनबाई मोटार न्यायला आली. मी ती पाण्याने भरलेल्या पिंपात उभी करून चालवून दाखवली. मांजर गुरगुरावं तसा आवाज.

"वा!" चिरंजीव म्हणाला. "बाबा, तुमच्या हाताला तोड नाही."

"मासा लागला का?" मी विचारलं.

"कुठला मासा?"

मी कडं त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते असं उलटसुलट करून पाहिलं, जणू दागिना खरा की खोटा ते ठरवायचं होतं.

"हे जुनं असेल."

"हिरवा दोरा आपण कधीच वापरला नाही."

"मग... कोणी तरी शेडमधून..."

"पुरे," सूनबाई म्हणाली. आमच्या घरात खरं बोलायचं काम तिच्याकडे आहे. इतर कोणी ते मागितलेलं नाही. "बाबा, खोटं बोललो ते चुकलं. आता खरं ऐकायचंय?"

"ऐकव."

"तुमच्या हृदयाचा प्रश्न कधीच नव्हता. डॉक्टरांनी सहा महिन्यांतच मोकळीक दिली होती."

"ती मलाही दिली होती. तुम्ही काय म्हणता याची वाट बघत होतो."

"तुम्ही बोटीत असलात की सहल नसते, तपासणी असते. इथे बसू नका, वजन डावीकडे झालं. डबा उघडू नका, वळण येतंय. आवाज ऐका, एक सिलिंडर रडतोय. शेवटच्या खेपेला मला चार वेळा जागा बदलायला लावलीत. आईंना जॅकेटचा पट्टा तीनदा सोडून बांधायला लावलात."

"दोनदा."

"बघा!"

चिरंजीव पिंपातल्या पाण्याकडे बघत होता. ही दारात उभी होती आणि 'काहीतरीच बोलतेस' असं सुनेला म्हणायला हिला सोयीचं अंतर होतं. हिने म्हटलं नाही.

"उद्या मी येतो," मी म्हणालो.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल सूनबाईने दिला. "या. पण पाण्यावर असेपर्यंत मोटारीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

रविवारी धक्क्यावर व्याही आधीच बोटीत बसले होते. मागे. डोक्यावर नवी टोपी.

"या या, साहेब! तब्येत काय म्हणते? मागे बसणार का?" विचारलं, पण उठले नाहीत.

"नको, तुम्हीच बसा. हात बसलाय तुमचा."

मी पुढच्या टोकाला बसलो, सगळ्यांकडे तोंड करून. व्याह्यांनी मोटार दोरी ओढून सुरू केली आणि गरम होण्याआधीच गिअरमध्ये टाकली. कडाक् आवाज झाला. माझ्या जबड्यातही झाला. मी आभाळाकडे पाहिलं. वजन उजवीकडे होतं. बोट तिरकी चालली होती. पट्टे सैल होते. मी म्हणालो, "आज हवा छान आहे."

तासाभरात जादू झाली. माणसं माझ्याशी बोलू लागली. चिरंजीवाने त्याच्या कचेरीतल्या साहेबाची नक्कल केली, ती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती. फारच सुरेख करतो. सूनबाईने सफरचंद कापून पहिली फोड मला दिली. हिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ठेवून विसरली.

"असंच हवं होतं, बाबा," चिरंजीव म्हणाला.

परतताना व्याह्यांनी काठाच्या बाजूने, शेवाळातून बोट घातली. चालू मोटारीच्या मागून पाण्याची एक धार उडत असते. आत फिरून मोटार थंड ठेवणारं पाणी ते. माझ्या वयाच्या माणसाने हेवा करावा अशी ती धार होती. शेवाळातून बाहेर पडलो आणि ती बारीक झाली. मग थेंब. मग काही नाही.

व्याह्यांची पाठ मोटारीकडे होती. चिरंजीव, सूनबाई आणि ही माझ्याकडे तोंड करून बसली होती. धार दिसत होती, म्हणजे दिसत नव्हती, ती फक्त मला. पिशवी किंवा शेवाळ, मोटारीत पाणी घेणाऱ्या खालच्या जाळीवर बसलं असणार. मोटार बंद करून हात घातला की अर्ध्या मिनिटाचं काम. नाही केलं, तर चार-पाच मिनिटांत आतलं सगळं एकमेकांना धरून बसणार.

मी तोंड उघडलं. सूनबाईने भुवई उचलली. थोडीशीच, गमतीने. मी तोंड मिटलं.

पहिल्या मिनिटाला काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला आवाज चढला. "बघा, आज कशी मोकळी पळतेय!" व्याही म्हणाले. "साहेबांच्या हाताची कमाल." तिसऱ्या मिनिटाला तापलेल्या रंगाचा वास आला. ही म्हणाली, "कोणीतरी काठावर काहीतरी जाळतंय वाटतं." मी म्हणालो, "असेल." माझ्या आवाजात काही नव्हतं. मी स्वतः तपासलं.

मग मोटार एकदा किंचाळली आणि थांबली. चिरंजीवाने दोरी ओढली. दोरी भिंतीला बांधल्यासारखी, जागची हलली नाही.

"बाबा," तो घाम पुसत म्हणाला, "सर्व्हिसिंग नीट केली होती ना?"

"अहो, वय झालं की राहतं एखादं काम," व्याही समजूतदारपणे म्हणाले. "चालायचंच. आपण त्यांना दोष देऊ नये."

आणि खरंच, कोणी दिला नाही. सगळ्यांनी मला माफ केलं. चिरंजीव म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या वर्षी कंपनीलाच देऊ." हिने गुडघ्यावरचा हात काढून पिशवी आवरायला घेतली.

वल्ही चिरंजीवाने आणि सूनबाईने घेतली. सूनबाई माझ्या समोरच होती. बऱ्याच वेळाने, वल्हं न थांबवता, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"कधी?"

"शेवाळातून बाहेर आलो तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"आपलं ठरलं होतं."

तिने दोन-तीन वेळा वल्हं मारलं. "'थांबा' म्हणता आलं असतं. त्यात मोटारीबद्दल काय होतं?"

तो शब्द मला सुचला नाही, असं सांगता आलं असतं. घरात खोटं बोलायची पद्धत आहे, माझंही खपलं असतं. पण तो पहिल्याच मिनिटाला सुचला होता. दुसऱ्या मिनिटाला मी तो जिभेवर घोळवला होता, आणि तिसऱ्या मिनिटाला, व्याह्यांची नवी टोपी बघत, गिळला होता.

"गप्प बसलात तरी तपासणीच केलीत, बाबा," सूनबाई म्हणाली. रागाने नाही. तिच्या आवाजात राग असता तर मी उत्तर दिलं असतं.

बोट धक्क्याला लागली. पुढच्या टोकाला असल्यामुळे मी पहिला उतरलो आणि हिला उतरवून घ्यायला हात पुढे केला. मला वाटलं होतं, हिला काही ऐकू गेलं नसेल. हिने माझ्या हाताकडे पाहिलं, बोटीची कड धरली आणि आपली आपण उतरली.