आधी मी बंद करते

रविवारी कबुतरं घरी परतली की आमच्या गावची कबुतरवाली मंडळी माझ्या कॅफेत जमतात. प्रत्येकाच्या काखेत आपापलं घड्याळ असतं. कबुतर आपल्या खुराड्याच्या दारातल्या फळीवर उतरलं, की त्याच्या पायातल्या कडीवरून वेळ त्या घड्याळात आपोआप नोंदली जाते. क्लबाचा संगणक माझ्या मागच्या खोलीत आहे. त्याला एक करडा डबा जोडलेला असतो. त्या डब्यावर घड्याळ ठेवलं की सगळ्या वेळा संगणकात उतरतात, आणि कोणाचं कबुतर कितवं आलं ते कागदावर छापून निघतं. मग पुढच्या खोलीत बीअर, मोहरी लावलेले चीजचे तुकडे आणि भांडणं.

संगणकापुढे गोदलीव्ह बसते. ती आमच्या शाळेत बाई होती. मी काही तिच्या वर्गात नव्हते, मी तेव्हा गिरणीत होते. मला वाचायला तिने शिकवलं ते माझी नातवंडं शाळेत जायला लागल्यावर, याच खोलीत, शर्यतीच्या निकालांवर बोट ठेवून. त्यामुळे मला आधी कबुतरांची नावं वाचता आली, वर्तमानपत्र नंतर. तिने स्वतः कधी कबुतर पाळलं नाही. विष्ठेचा वास सहन होत नाही म्हणते. पण रविवार चुकवला नाही तिने. नवरा गेला त्याच्या पुढच्या रविवारीसुद्धा आली होती.

या वसंतात एक नवीन दुखणं सुरू झालं. निकाल छापून झाले, ते वर संघाकडे पाठवून झाले, की गोदलीव्ह प्रोग्राम बंद करायची. बंद करताना पडद्यावर एक चौकट उगवायची. तिच्यात एक लांबलचक आकडा, आणि खाली, 'या पत्त्यावरची मेमरी वाचता आली नाही.' 'ठीक' म्हणून बटण दाबलं की सगळं नाहीसं. दिवसाचे निकाल शाबूत असायचे, पण मोसमाचे गुण प्रोग्राम अगदी शेवटी लिहायचा, ते राहून जायचे. गोदलीव्हला ते पुन्हा हाताने भरावे लागायचे. एकदा भरताना क्लबातल्या आशीलच्या निळ्या मादी कबुतराचे गुण राहिले, आणि आशीलने माझ्या काउंटरवर मूठ आपटली. माझा मोहरीचा बाऊल फुटला.

उपाय सगळे झाले. आधी करड्या डब्यावर संशय आला, कारण तो नवीन होता. जुना डबा टेबलाला स्क्रूने घट्ट बसवलेला होता, तो मेला म्हणून हा आणला. दुकानदाराने तपासून सांगितलं, डबा ठणठणीत आहे. मग आमचा अध्यक्ष सिरील याने संगणकातली मेमरीची पट्टी बदलून घेतली. चौकट आलीच. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. चौकट आलीच.

"आता बदलायचं काय उरलं?" सिरील काउंटरला टेकून म्हणाला.

सगळ्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. गोदलीव्हच्या बोटांचे सांधे सुजतात. माउस धरताना ती करंगळी वर ठेवते, कारण ती वाकत नाही.

"पलीकडच्या गावचा क्लब आपले निकाल काढून द्यायला तयार आहे," सिरील म्हणाला. "घड्याळं तिकडे न्यायची एवढंच."

"आणि बीअर?" मी विचारलं.

"झुल्मा, मी बीअरबद्दल बोलत नाहीये."

"मीही नाही," मी म्हटलं.

गोदलीव्हने ते ऐकलं होतं. त्या दिवशी भांडी पुसायला ती माझ्याबरोबर थांबली. फडका तिला नीट पिळता येत नव्हता. म्हणाली, "माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं जातंय गं. मला कळत नाही, पण बोटांना कुठे कळतं हल्ली. बूर्जची मोठी शर्यत झाली की या खोलीची किल्ली देऊन टाकते सिरीलला."

"आणि रविवारी करशील काय?"

तिने एक ग्लास उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "झोपेन," म्हणाली. आयुष्यात दुपारी न झोपलेली बाई.

दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईला फोन लावला. लीसेलॉट तिचं नाव. ती एकटीच हा प्रोग्राम बनवते आणि क्लबांना विकते. मला वाटलं होतं कोणीतरी तोऱ्यात बोलेल, पण मागे कुत्रं भुंकत होतं आणि ती त्याला "गप बस रे बाबा" म्हणत होती.

"माझ्याकडे व्यवस्थित बंद होतो, झुल्माबाई. बाकीच्या क्लबांचीही तक्रार नाही. चौकटीत काय लिहिलंय, वाचता का?"

मी कागदावर उतरवून घेतलं होतं. एकेक अक्षर वाचलं. वेळ लागला. ती मध्ये बोलली नाही, कुत्रंही नाही.

"मेमरीची पट्टी खराब असती तर प्रोग्राम कुठेही, केव्हाही पडला असता," ती म्हणाली. "हा फक्त निघताना पडतोय. निघताना प्रोग्राम काय करतो, तर वापरायला घेतलेली एकेक वस्तू जागेवर परत ठेवतो. त्यातली एखादी वस्तू आधीच गेलेली असणार, आणि हा तिला शोधायला रिकाम्या जागी हात घालतो. कोणती वस्तू ते इथे बसून कळणार नाही. बूर्जच्या शर्यतीला येते मी."

फ्रान्समधल्या बूर्जहून कबुतरं सोडली त्या दिवशी वारा समोरून होता, कबुतरं उशिरा आली, आणि सगळे जण डोक्याला पाणी लावून केस बसवून आले होते. पाहुणी येणार म्हणून आशीलने टाय घातला होता. फिर्मिनने तर इस्त्रीचा कोट घातला होता आणि कॉफीच्या यंत्राशेजारी भिंतीला पाठ लावून उभा राहिला होता. फिर्मिन म्हणजे जन्मभर नदीवर मालाची नाव चालवलेला माणूस. लग्न केलं नाही, बोलतो कमी, आणि त्याची कबुतरं त्याच्यासारखीच सावकाश येतात.

"काय रे, नवरदेव, आत नाही जायचं?" आशीलने त्याला डिवचलं.

"गर्दी आहे आत," फिर्मिन म्हणाला.

लीसेलॉट गोदलीव्हच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. घड्याळं एकामागून एक डब्यावर आली. निकाल छापले, पाठवले. गोदलीव्हने आमच्याकडे न बघता माउस धरला आणि प्रोग्राम बंद केला.

काही आलं नाही. पडदा स्वच्छ.

"पुन्हा एकदा करू," लीसेलॉट म्हणाली. उघडला, एक घड्याळ वाचलं, बंद केला. काही नाही. तिसऱ्यांदा, तेच.

"डॉक्टरीणबाई आल्या आणि ताप उतरला," आशील म्हणाला. लोक हसले.

गोदलीव्ह हसली नाही. तिने हात टेबलाखाली घेतले. "म्हणजे शेजारी कोणी बसलं की मी नीट करते," ती म्हणाली. "एकटी असले की चुकते. झालं तर मग स्पष्ट." तिने पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. मागच्या खोलीची किल्ली कडीतून सुटेना, बोटं घसरत होती. कोणी मदत करायला पुढे झालं नाही, कारण मदत केली असती तर तिला लवकर घालवल्यासारखं झालं असतं. शेवटी सुटली. तिने ती सिरीलच्या पुढ्यात ठेवली. सिरीलने किल्लीला हात लावला नाही.

"थांबा हं," लीसेलॉट म्हणाली. "आज दर रविवारपेक्षा वेगळं काय आहे? मी सोडून. आठवा सगळे."

"आशीलचा टाय," कोणीतरी म्हणालं.

मी दारात ट्रे घेऊन उभी होते. मी ती खोली पाहिली. मंगळवारी तिथे अकॉर्डियन शिकवतात, म्हणून आमचं सामान रविवारीच कपाटात जातं. खुर्च्या, प्रिंटर, सगळं रोजच्यासारखं होतं. मग माझी नजर टेबलावर गेली.

"डबा," मी म्हटलं. "डबा अजून टेबलावर आहे. एरवी ती प्रोग्राम बंद करते तोवर तो कपाटात गेलेला असतो."

लीसेलॉट ताठ बसली. "तोवर? बंद करायच्या आधी? कोण ठेवतं?"

"झुल्मा ठेवते ना," गोदलीव्ह म्हणाली.

"मी कशाला? माझ्या हातात ट्रे असतो. फिर्मिन ठेवतो."

सगळे फिर्मिनकडे वळले. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान.

"त्या वायरीला खटका आहे," तो भिंतीला सांगितल्यासारखा बोलला. "दाबून ओढावा लागतो. एकदा पाहिलं मी, तिला दाबता येत नव्हता. दुखत होतं. मग मीच काढून ठेवतो."

"कधी काढता? नेमकं कधी?" लीसेलॉटने विचारलं.

"कागद निघत असतो तेव्हा. तिचं लक्ष पडद्याकडे असतं." त्याने कोटाची बाही खाली ओढली. "म्हणजे आभारबिभार नकोत."

"आत्ता तसंच करा. अगदी रोज करता तसं."

फिर्मिन आत आला. गोदलीव्हने एक घड्याळ वाचलं, कागद छापायला सोडला. फिर्मिनने अंगठ्याने खटका दाबला, वायर ओढली, आणि पंजा ते कोपर अशी गुंडाळली, नावेवरचा दोर गुंडाळावा तशी. डबा उचलून कपाटात ठेवला. एवढं करताना त्याने कसलाही आवाज केला नाही. म्हणूनच इतके दिवस तिला कळलं नसणार.

गोदलीव्हने प्रोग्राम बंद केला. चौकट आली.

आमच्याकडे पहिलं कबुतर दिसल्यावर होतो तसा ओरडा झाला. आशील टाळ्या वाजवत होता. ज्या चौकटीने त्याच्या मादीचे गुण खाल्ले तिला बघून हा माणूस टाळ्या वाजवत होता.

"सापडलं," लीसेलॉट म्हणाली. "प्रोग्राम निघताना डब्याचा निरोप घ्यायला जातो. डबा आहे की नाही ते आधी बघायला हवं. ते बघायला मी त्याला शिकवलंच नाही, कारण जुना डबा टेबलाला ठोकलेला असायचा, तो जाणार कुठे? बाकीच्या क्लबांचा अजूनही तसाच आहे. चूक माझी आहे, गोदलीव्हबाई. तुमच्या बोटांची नाही."

गोदलीव्हने हात टेबलावर ठेवले, आणि तिथेच राहू दिले.

पण फिर्मिनचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे मीच," तो म्हणाला. "दर रविवारी. तुला त्रास होऊ नये म्हणून मी... आणि तू किल्ली द्यायला निघालीस."

"तू गप रे," गोदलीव्ह म्हणाली, वर्गात म्हणायची तशी. मग जरा हळू विचारलं, "नवा डबा आला तेव्हापासून?"

"हो."

"आणि मला वाटायचं झुल्माला एवढी सुबक गुंडाळी कुठून जमते."

"मी वायर गुंडाळली की तिची गाठच होते," मी म्हटलं.

सिरीलने एका बोटाने किल्ली टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि पुढच्या खोलीत जाऊन सगळ्यांना बीअर सांगितली.

लीसेलॉट जाताना बजावून गेली. दुरुस्ती करून पाठवते, तोवर आधी प्रोग्राम बंद, मग वायर.

"ऐकलंस ना?" गोदलीव्ह फिर्मिनला म्हणाली. "आधी मी बंद करते. मग तू."

त्यामुळे पुढच्या रविवारपासून त्याला थांबावं लागू लागलं. पहिल्यांदा तो टेबलाशी टोपी हातात धरून उभा राहिला. उभ्या माणसाला वळसा घालून ट्रे न्यायला मला अडचण होते, म्हणून मी एक खुर्ची आणून ठेवली. तो बसला. ती त्याला पडद्यावरचे निकाल वाचून दाखवायची, आणि त्याचं कबुतर शेवटून कितवं आलं ते मुद्दाम मोठ्याने.

"डोंगर चढून आलं का रे हे?"

"वाटेत ओळखीचं कोणी भेटलं असेल," तो म्हणायचा.

उन्हाळा संपताना लीसेलॉटची दुरुस्ती आली. गोदलीव्हनेच ती संगणकात टाकली. लीसेलॉटने मला फोनवर सांगितलं, "आता डबा केव्हाही काढा, अगदी मध्येच ओढून काढला तरी काही होणार नाही. गुणही मी आधीच लिहायला लावलेत." मी ते त्या दोघांना जसंच्या तसं सांगितलं. दोघांनी मान डोलावली.

त्या रविवारी कागद निघत होता. फिर्मिनचा हात जुन्या सवयीने खटक्याकडे गेला.

"अजून बंद केलं नाही मी," गोदलीव्ह पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि खुर्ची जरा पुढे ओढली. मी दोन कॉफी ठेवल्या, सोबत दोन बिस्किटं, आणि ट्रे घेऊन बाहेर आले. पुढच्या खोलीत आशील विचारत होता, आज निकालाला एवढा वेळ का लागतोय.

"लागू दे," मी म्हटलं. "तुझी मादी पहिली आलीये, पळून जात नाही ती."