मागच्या सीटचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना सीटबेल्ट आहे, आणि तोही मागच्या सीटचा. पुढच्या पट्ट्यांचा थाट मोठा. ते लावले नाहीत तर गाडी टुणटुण वाजून डोके उठवते, चौकात पोलीस अडवतात. आमच्या गाडीत माझ्यासाठी घंटीही नव्हती आणि शिट्टीही नव्हती. मागे पट्टा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

ज्या कारखान्यात मी विणला गेलो, तिथे माझ्या काही भावंडांची परीक्षा झाली. त्यांनी पुतळ्यांना बांधून धरले आणि माणसांनी त्या गाड्या भिंतीवर आदळवल्या. तेव्हा आम्हाला आमचे काम समजले. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीतला माणूसही ऐंशीच्याच वेगाने जात असतो, आरामात बसलेला असल्यामुळे त्याला ते जाणवत नाही इतकेच. गाडी आदळून थांबली तरी तो थांबत नाही. कशावर तरी आपटेपर्यंत तो पुढेच जातो, आणि तो मार आठव्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. आम्ही थोडे ताणले जातो, त्याला जरा सावकाश थांबवतो आणि तो मार छातीच्या व कमरेच्या दणकट हाडांवर वाटून देतो. सावकाश म्हणजे पापणी लवते तेवढाच वेळ. पण तेवढ्यावर जीव वाचतो.

मी आलो इंदूरला, छत्रीबागेतल्या देवेंद्रच्या गाडीतून. त्याची धाकटी बहीण सुरभी तेव्हा कॉलेजात होती. ती नेहमी भावाच्या मागे बसायची आणि न विसरता मला लावायची. एकदा कृष्णपुऱ्याच्या पुलावर एक स्कूटर आडवी आली, देवेंद्रने कचकन ब्रेक मारला आणि मी सुरभीला घट्ट धरले. तिने मला थोपटले आणि म्हणाली, "गुणी आहेस रे." एवढे कौतुक मला पुन्हा कुणी केले नाही. खरे सांगतो, मला ते फार आवडले होते.

पुढे सुरभी शाळेत शिक्षिका झाली. विज्ञान शिकवायची. वेग दुप्पट झाला की टकरीचा मार चौपट होतो, हे ती दरवर्षी नववीच्या वर्गाला फळ्यावर मांडून दाखवायची.

यंदा धनतेरसला देवेंद्रने गाडीला नवी सीटकव्हरे घातली. तपकिरी, चकचकीत. दुकानदाराने माझे बक्कल, म्हणजे मी जिच्यात अडकतो ती खाच, हातात धरून विचारले, "भियाजी, इसको नीचे दबा दूँ? बैठने में चुभेगा नहीं."

"हां, दबा दो. पीछे कौन लगाता है," देवेंद्र म्हणाला. बक्कल कव्हरखाली गेले आणि मी नुसता बाजूला लोंबत राहिलो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला हिंगोट असते. तिथे दोन बाजूंचे लोक एकमेकांवर पेटती हिंगोटे, म्हणजे बारूद भरलेली रानफळे, फेकतात. ते बघायला देवेंद्र, त्याची बायको अंबिका आणि सुरभी निघाले. सुरभीने मला ओढून घेतले आणि सीटवर हात फिरवला.

"दादा, बक्कल कुठे आहे?"

"अगं, ते कव्हरच्या नीचे दबलंय. आता काय नवं कव्हर फाडू? यार, लेट होतोय आपण."

"होऊ द्या ना लेट," अंबिका म्हणाली. "गाडी साइडला घ्या, काढून देऊ तिला."

"अरे वहिनी, छोडो. जाऊ दे," सुरभी हसून म्हणाली. सणाच्या दिवशी भावाचा मूड कशाला घालवायचा, असे तिला वाटले असावे. मी तिच्या हातात होतो, मित्रांनो. तिने मला सोडून दिले.

देपालपूरच्या अलीकडे उन्हे उतरली होती आणि सूर्य थेट समोर होता. पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. देवेंद्रला ती दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. गाडी आदळून थांबली. पुढच्या दोघांना त्यांच्या पट्ट्यांनी धरले. सुरभी थांबली नाही. ती भावाच्या सीटवर इतक्या जोरात आदळली की सीट वाकली आणि त्याचा खांदा मोडला. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

चुरडलेली गाडी गॅरेजच्या आवारात पडून होती. एक दिवस देवेंद्र आला, हात गळ्यात अडकवलेला. मेकॅनिक म्हणाला, "भियाजी, सामान तो सब निकाल दिया था." देवेंद्रने त्याच्याकडून ब्लेड मागून घेतले आणि डाव्या हाताने ते तपकिरी कव्हर कापले. बक्कल वर आले. त्याला जराही धक्का लागलेला नव्हता. मग तो सुरभीच्या जागेवर बसला, त्याने मला अंगावरून घेतले आणि खटकन लावले.

"लागला गं," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याला धरून होतो. त्याहून जास्त मला काही येत नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीतही माझा एखादा भाऊ कव्हरखाली दबलेला असेल. त्याला आजच वर काढा. आणि मागे बसलात की पट्टा मागा. कुणी हसेल, कुणी उशीर होतोय म्हणेल, तुम्हालाही संकोच वाटेल. सुरभीला सगळे ठाऊक होते, तरी तिने एकदाच विचारले. तुम्ही पुन्हा विचारा.