उंबऱ्यापुढचं मीठ

इंग्लंडातल्या प्लिमथमध्ये बर्फ पडत नाही. म्हणजे पडतो कधीतरी, पण सकाळी पडलेला दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, लोकांच्या अंगणात ताडाची झाडं. अशा गावात डॉक्टर शशिधर दर नोव्हेंबरात घराची अशी काही तयारी करायचे, की जणू हिमालयातल्या एखाद्या चौकीवर राहतात. ते हाडांचे डॉक्टर. "जिथे रोज बर्फ पडतो तिथली माणसं जपून चालतात," ते म्हणायचे. "हाडं मोडतात ती आपल्यासारख्या गावात."

यंदाच्या एप्रिलमध्ये ते गेले. आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी त्यांची मुलगी मालविका कॉव्हेंट्रीहून गाडी घेऊन आली, ती दोन कामं मनात धरून. एक, बाबांची ही तयारी करायची. दुसरं, आईला मार्चपर्यंत स्वतःकडे घेऊन जायचं. पहिलं काम केलं तर दुसऱ्याची गरज काय, असं आई विचारणार हे तिला ठाऊक होतं. प्रमोदिनीबाईंनी ते दारातच विचारलं.

"मग ठरवू या," मालविका म्हणाली. "आज रात्री फ्रॉस्ट आहे, दंव गोठणार. उद्या सकाळी तू या घरात एकटी सेफ राहू शकतेस असं मला वाटलं, तर राहा. नाहीतर बॅग भरायची."

"परीक्षा घेतेस?"

"हो."

"घे. पण आधी जेव."

जेवण झाल्यावर मालविका कामाला लागली. शिडी लावून तिने पन्हळीतली कुजलेली पानं काढली. बागेतला होज सोडवून, पाणी झटकून शेडमध्ये ठेवला. बाहेरच्या नळापाशी मात्र ती जरा थांबली. नळाच्या पाइपला फोम लावून त्यावर बाबांनी पट्टी गुंडाळली होती, प्लास्टर घालताना गुंडाळावी तशी, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. कडा सुटल्या होत्या. जुनी पट्टी काढायची आणि नवी लावायची, एवढंच काम. तिने जुनी काढली नाही. तिच्यावरूनच नवी गुंडाळली. वेढे सारखे आले नाहीत, पण घट्ट बसले.

"इट्स प्लिमथ, लव्ह, नॉट नॉर्वे!" शेजारची सारा कुंपणावरून ओरडली. हेच वाक्य ती बाबांनाही दरवर्षी ऐकवायची. म्हणून झाल्यावर मात्र ती आपल्या नळासाठी उरलेला फोम मागून घेऊन गेली.

सगळ्यात शेवटी पायऱ्या. हे घर उतारावरचं, रस्त्यापासून दारापर्यंत दगडी पायऱ्या, एका बाजूला लोखंडी कठडा. मालविकाने रस्त्यावर टाकायच्या जाड, तांबूस मिठाची गोणी आणली होती. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत तिने ते नीट पसरलं. आई खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा काहीतरी असतं, हे मालविकाच्या लक्षात यायला हवं होतं. पण ती दमली होती आणि मनातून खूश होती.

सकाळी तिला जाग आली ती केरसुणीच्या आवाजाने.

ती धावत खाली आली. दार सताड उघडं. बाहेर छपरं, गवत, गाड्या, सगळं पांढरं. स्वेटरवरून शाल गुंडाळून प्रमोदिनीबाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. उंबऱ्यापुढचं मीठ त्यांनी बाजूला लोटलं होतं आणि स्वच्छ केलेल्या दगडावर तांब्यातून सडा शिंपडला होता. रोजच्यासारखा.

"आई! पाणी? आत्ता? अगं, त्याचा बर्फ होतोय!"

"होऊ दे."

"मी काल सगळं घातलं ते का झाडलंस?"

"उंबऱ्यापुढे मीठ? आल्यागेल्याने ते पायदळी तुडवायचं? खाली घातलंस ते ठीक. दारात नाही."

मालविकाने डोळे मिटून घेतले. "संपलं. बॅग भर. तू पडशील, आणि मला साराचा फोन येईल. मला पुन्हा तसा फोन नकोय, आई."

तिचा आवाज फाटला तसा आईने मागे वळून पाहिलं. एका हाताने कठडा धरून ती सावकाश खाली बसली आणि रांगोळीचा डबा उघडला. ठिपके पडले, ठिपक्यांवरून रेघा, एक साधं कमळ. आणि मालविका पाहत राहिली. जिथे रेघ पडत होती तिथली काचेसारखी चकाकी विरत होती. बारीक तडतड ऐकू येत होती.

तिने वाकून चिमूट उचलली आणि जिभेला लावली.

"खारट आहे."

"असणारच. तुझ्या बाबांची युक्ती. मी दारात मीठ घालू देत नव्हते ना, मग थंडी पडली की हे गुपचूप माझ्या डब्यात मीठ मिसळायचे. त्यांना वाटायचं मला कळत नाही."

"तुला कळायचं?"

"जन्मभर रांगोळी काढतेय मी. मीठ बोटांना चिकटतं. पण इतकं मन लावून करायचे, कशाला बोलायचं!"

"मग हे मीठ पायदळी नाही येत?"

"रांगोळीवर कोण पाय देतं? सगळे कडेने जातात, कठडा धरून. पोस्टमनसुद्धा." आईने पाकळी पूर्ण केली. "ह्यांना तेच हवं असायचं."

मालविका डब्याकडे बघत होती. "म्हणजे हे बाबांनी मिसळलेलं? गेल्या वर्षीचं?"

"छे, ते फेब्रुवारीतच संपलं. काल तू पन्हळीशी झटापट करत होतीस ना, तेव्हा मी मिसळलं. बातम्या मीही बघते, माले."

मालविका उंबऱ्यावर बसली. दगड गार होता, पण तिला उठावंसं वाटेना. खाली फाटकातून सारा फोमचा उरलेला तुकडा परत द्यायला वर येत होती. वरच्या पायरीशी आल्यावर तिचा हात आपोआप कठड्यावर गेला, आणि रांगोळीला वळसा घालून ती दारात आली.

"मॉर्निंग, प्रोम. लव्हली वन टुडे."

"टी?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं, आणि दोघी आत गेल्या.

बॅगेचा विषय पुन्हा निघाला नाही. दुपारी मालविका निघाली तेव्हा आईने तिच्या हातात मार्मलेडची धुतलेली बाटली ठेवली. आत पांढरी पूड.

"कॉव्हेंट्रीला आमच्याहून जास्त गारठतं," ती म्हणाली. "आणि तू सकाळी घाईत निघतेस."

"मला कमळ येत नाही, आई."

"चार ठिपके येतात ना? तेवढे पुरे. कडेने जा म्हणजे झालं."

मालविकाने बाटली शेजारच्या सीटवर ठेवली, मग पुन्हा उचलून तिच्याभोवती सीटबेल्ट अडकवला, आणि स्वतःशीच हसत गाडी उतारावरून हळूहळू खाली घेतली.